पहिल्याच कागदावर शेवटचा आकडा लिहा

नाशिकमधल्या सर्व चारचाकी वाहन विक्रेत्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी सिडकोत राहतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये गेली २२ वर्षं ऑपरेटर आहे. आमच्याकडे गाड्यांचे ब्रॅकेट होतात. सीटखाली, बंपरमागे, बॅटरीच्या खाली बसणारे हे तुकडे गाडी घेणाऱ्याला कधी दिसतही नाहीत. मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने तुमच्या काचेच्या शोरूम उभ्या आहेत. त्यांत झगमगणाऱ्या कुठल्या ना कुठल्या गाडीत माझ्या प्रेसखालून गेलेला तुकडा असणार. सातपूर आणि अंबडमध्ये माझ्यासारखी हजारो माणसं आहेत. या शहरात गाडीचं काम करून घर चालवणारे आम्ही, आणि तुमचे गिऱ्हाईकही आम्हीच. म्हणून हे पत्र मी कुठल्या एका शोरूमला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

गेल्या दसऱ्याला, २ ऑक्टोबर २०२५ ला, मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. ती का घेतली, हे आधी सांगतो.

आई गावाकडे असते, निफाड तालुक्यात. दोन वर्षांपूर्वी एका रात्री तिला दम लागला. गावात त्या वेळी मिळालेलं एकच वाहन म्हणजे शेजाऱ्याचं पिकअप. द्राक्षांचे रिकामे क्रेट एका बाजूला सरकवून, गोधडी अंथरून आईला मागे झोपवलं आणि नाशिकच्या दवाखान्यात आणलं. भाऊ तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. प्रत्येक खड्ड्याला क्रेट एकमेकांवर आपटायचे आणि ती डोळे मिटून घ्यायची, असं त्याने नंतर सांगितलं. आई बरी झाली. पण तो क्रेटचा आवाज मी ऐकलाही नव्हता, तरी माझ्या डोक्यातून गेला नाही. शहरात सिटीलिंकची बस आहे, कामावर जायला मोटारसायकल आहे. रात्री दीड वाजता गावाहून आईला आणायला यातलं काहीच उपयोगाचं नाही.

पतसंस्थेत माझी आरडी होती. दरमहा २,५०० रुपये, सलग ९ वर्षं. मुलीच्या शिक्षणासाठी म्हणून सुरू केली होती. तिला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला आणि घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे पैसे गाडीला लावायचे.

गाड्या महाग झाल्या आहेत हे मला कुणी समजावून सांगायला नको. २०२० च्या एप्रिलपासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ हे कडक मानक आलं, तेव्हा सायलेन्सरपासून सेन्सरपर्यंत काय काय बदललं ते आम्ही आमच्या ड्रॉइंगवर पाहिलं. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची झाली. ती व्हायलाच हवी होती. राज्य सरकारने २०१७ मध्ये, जीएसटी आला त्याच महिन्यात, गाड्यांवरचा एकरकमी रस्ता कर दोन टक्क्यांनी वाढवला. त्यामुळे आज १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला आपल्याकडे ११ टक्के लागतात, डिझेलला १३. २०२५ च्या जुलैपासून सीएनजी गाड्यांवरही एक टक्का वाढला. ही महागाई डोळ्यांना दिसते. कागदावर मांडता येते, तिच्यासाठी पैसे साठवता येतात. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेवटच्या संध्याकाळी कळणाऱ्या महागाईबद्दल.

३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला. ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर तोवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस असे २९ टक्के होते. ते २२ सप्टेंबरपासून १८ झाले. तो घटस्थापनेचा दिवस होता. आमच्या कॅन्टीनमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. मी जी गाडी ठरवली होती तिची करापूर्वीची किंमत ६ लाख २० हजार. म्हणजे जुन्या दराने ७,९९,८०० आणि नव्या दराने ७,३१,६००. थेट ६८,२०० रुपये कमी. रस्ता कर या किमतीवरच लागतो, त्यामुळे त्यातही साडेसात हजार वाचणार होते. एकूण पाऊण लाखाच्या थोडं वर. ज्याचे वर्षाला ३० हजार साठतात त्याच्यासाठी हे अडीच वर्षांचे पैसे आहेत. बायकोने हा हिशोब दोनदा करून घेतला आणि मग म्हणाली, "आता थांबायचं नाही."

घटस्थापनेला शोरूममध्ये गेलो. एक तरुण मुलगा भेटला, बोलायला चांगला. पाणी दिलं, गाडी दाखवली, चक्कर मारून आणली. "सगळं मिळून रस्त्यावर किती?" असं विचारल्यावर त्याने आपल्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे बॉलपेनने '८.४९' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. मी घरी येऊन आकडा तपासला आणि तो बरोबर निघाला. गाडीची किंमत ७,३१,६००, रस्ता कर ८०,४७६, बाजारभावाने विमा ३४ हजारांच्या आसपास, बाकी नोंदणी शुल्क, कर्जाच्या बोजाची नोंद, फास्टॅग वगैरे धरून तीनेक हजार. दुसऱ्या दिवशी ११,००० रुपये भरून बुकिंग केलं. ६ लाखांचं कर्ज घ्यायचं आणि वरचे आपण घालायचे, असं ठरलं.

१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सात वाजता उरलेले पैसे भरायला बोलावलं. तेव्हा जो कागद समोर आला त्यावर बेरीज होती ९,०२,३९०.

तो कागद मी तुमच्यासमोर ठेवतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर तो रोज छापला जात असणार. किंमत, रस्ता कर आणि नोंदणी वगैरेचे तीनेक हजार ठीक होते. त्याखाली विमा ४६,८००. मग 'एसेन्शियल किट' २४,९९०. त्यात पायपुसणी, सीट कव्हर, मडफ्लॅप, गाडीवर टाकायचं कापड, एक अत्तराची बाटली आणि दरवाजाच्या काठाला लावायची रबरी पट्टी. मग 'कोटिंग' ९,०००. आणि सगळ्यात खाली, बाकीच्या अक्षरांपेक्षा बारीक, दोन अक्षरं: 'एचसी' ६,५००.

"एचसी म्हणजे काय?"

"काका, हँडलिंग चार्जेस. सगळीकडेच असतात."

"पण कशाचे?"

"गाडी यार्डातून इथे आणायची, धुवायची, चेकिंग करायचं..."

एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. गाडी दारापर्यंत आली, पुसून, तपासून उभी राहिली, त्याचीच ती किंमत आहे. त्याच कामाचे पैसे दुसऱ्या नावाने परत का? पुढचं काम नोंदणीचं, आणि त्याचे वेगळे पैसे मागायचाही प्रश्न येत नाही. नोंदणी झाल्याशिवाय, तात्पुरती का होईना, गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ४२ वा नियम तुम्हालाच सांगतो. ते तुमचं काम आहे. पूर्वी नवी गाडी तपासणीला पेठ रोडच्या आरटीओत न्यावी लागायची. आता सरकारने विश्वासाने ते काम तुमच्या काउंटरवर सोपवलं आहे. कर, शुल्क, विमा, किंमत यांना कायद्यात जागा आहे. 'हँडलिंग' नावाची रक्कम कुठल्याच कायद्यात नाही.

विम्याचं तर मला त्या रात्रीच कळलं. भाच्याने माझ्याशेजारी बसून मोबाइलवर तीच गाडी, तेवढीच विमा रक्कम, तीच वाढीव कव्हरं टाकली. ३३,९०० आले. यातला तीन वर्षांचा थर्ड पार्टी भाग तर सरकारने ठरवलेला आहे. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तेव्हा १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. तो इथेही तेवढाच आणि तिथेही तेवढाच. म्हणजे १२,९०० रुपयांचा फरक फक्त उरलेल्या भागात होता. मी मोबाइल मॅनेजरसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, बाहेरची पॉलिसी आणली तर उद्या नोंदणी होणार नाही, पुढे कॅशलेसलाही अडचण येईल. विमा कुणाकडून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं. शोरूममधून विमा विकण्याबद्दल आयआरडीएआय या विमा नियामकाची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि त्यांत ग्राहकावर सक्ती करायची नाही हे स्पष्ट आहे. मला हे त्या वेळी माहीत नव्हतं. त्यांना माहीत असणारच.

किट नको म्हटलं. "किटशिवाय गाडी निघत नाही, सिस्टिममध्येच तसं आहे. नको असेल तर गाडी पुढच्या आठवड्यात बघू."

तेव्हा घरी काय होतं ते सांगतो. आई त्याच दुपारी गावाहून आली होती. झेंडूच्या दोन माळा ओवून तिने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. मुलगी होस्टेलहून आली होती. शेजारच्या वहिनींनी ओवाळायला येते म्हणून सांगितलं होतं. अशा घरी परत जाऊन 'गाडी नाही' असं मला सांगवलं नाही. मी फक्त कोटिंग काढायला लावलं आणि बाकीच्यावर सही केली. ८,९३,३९०.

कार्डावरच्या आकड्यापेक्षा ४४,३९० जास्त. माझ्या आरडीचे जवळजवळ १८ हप्ते. सरकारने करात जे पाऊण लाख सोडले, त्यातले निम्म्याहून जास्त पैसे माझ्या घरापर्यंत आलेच नाहीत. ते त्या टेबलावरच अडले.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. सकाळी प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बसवली की पहिला तुकडा काढून आम्ही क्वालिटीवाल्यांकडे देतो. ते ड्रॉइंग समोर ठेवून प्रत्येक माप तपासतात, गेज घालून बघतात, आणि त्यांची सही झाल्यावरच लॉट सुरू होतो. ड्रॉइंगवर चार भोकं असतील तर चारच हवीत. उद्या मी पाचवं भोक पाडलं आणि म्हटलं 'सगळीकडेच असतात', तर अख्खा लॉट परत येईल आणि माझ्या नावावर रिजेक्शन पडेल. दोन दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी माल फेकतात. इतक्या काटेकोरपणे बनलेली वस्तू तुमच्या दारात येते, आणि तिची पावती मात्र अशी, की तिच्यावरची एक ओळ कशाची आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्या गाडीत आमचे कष्ट आहेत.

हप्त्याबद्दलही बोललं पाहिजे. कर्जाच्या टेबलावर मला किमतीबद्दल कुणी बोललंच नाही. 'महिन्याला किती जमेल?' एवढाच प्रश्न. पाच वर्षांचा हप्ता १२,४५५ होत होता. माझा चेहरा पाहून लगेच सात वर्षांचा काढला, ९,६५३. "बघा काका, तीन हजार वाचले." ६ लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत १ लाख ४७ हजार व्याज जातं आणि सात वर्षांत २ लाख ११ हजार. म्हणजे 'वाचलेल्या' त्या तीन हजारांसाठी साडेत्रेसष्ट हजार जास्त मोजायचे. मी पाच वर्षांचंच घेतलं, कारण पतसंस्थेत व्याजाची कोष्टकं मी पाहिलेली आहेत. सगळ्यांनी पाहिलेली नसतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च एका ठरावीक पत्रकात मांडून ग्राहकाला आधी द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते पत्रक माझ्यापुढे सहीच्या गठ्ठ्यात आलं, उलटं घातलेलं, कोपऱ्यावर पेन्सिलीची फुली. जिथे फुली तिथे सही.

आता त्या मुलाबद्दल. गाडी बाहेर काढताना तो पार्किंगमध्ये माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, रागावू नका. महिन्यात किट नाही गेलं तर माझा इन्सेंटिव्ह कापतात." तो दिंडोरीकडचा आहे, डिप्लोमा झालेला, माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्यावर माझा राग नाही. तो राग तुम्हीही त्याच्यावर काढू नका. मला हेही कळतं की तुमचं गणित सोपं नाही. महामार्गावरचं भाडं, यार्डातल्या गाड्यांवर दर दिवशी चढणारं बँकेचं व्याज, कंपनीने दिलेलं टार्गेट, लहान गाडीवर हातात येणारी थोडकी रक्कम. जीएसटी बदलला तेव्हा जुन्या साठ्यावर आधीच भरलेल्या सेसचं काय करायचं, हा प्रश्नही तुमच्याच अंगावर आला. तुमचा खर्च निघालाच पाहिजे. पण तो निघत नसेल तर कंपनीकडे मार्जिन मागा. मुहूर्ताच्या आदल्या रात्री गिऱ्हाइकाच्या खिशातून काढू नका.

मी ग्राहक आयोगात जाऊ शकतो. ५ ते १० लाखांच्या वस्तूच्या प्रकरणाला तिथे फक्त २०० रुपये फी लागते, हे आता वाचून कळलं आहे. १९१५ ही हेल्पलाइन आहे. कदाचित जाईनही. पण तारखांसाठी शिफ्ट सोडणं आमच्यासारख्याला सोपं नसतं, आणि माझे पैसे परत मिळाले तरी पुढच्या माणसाच्या कागदावर 'एचसी' राहणारच.

माझी मागणी तुम्हा सगळ्यांकडे एकत्र आहे आणि त्याला कारण आहे. तुमच्यातल्या एकाने उद्या खरा आकडा पहिल्या दिवशी सांगितला, तर तो शेजारच्या शोरूमच्या कार्डावरच्या आकड्यापेक्षा मोठा दिसेल आणि गिऱ्हाईक तिकडे जाईल. प्रामाणिकपणे वागणाऱ्याचंच नुकसान होईल. म्हणून हे एकेकट्याने होणार नाही. शहरातल्या सगळ्यांनी बसून ठरवलं, तर एका आठवड्यात होईल.

शोरूमच्या दारात, गाडीच्या काचेवर, प्रत्येक मॉडेलचा रस्त्यावरचा पूर्ण आकडा मराठीत लावा. त्यात किंमत, रस्ता कर, सरकारी शुल्क आणि सक्तीचा विमा एवढंच असू द्या. किट, कोटिंग, वाढीव वॉरंटी दुसऱ्या कागदावर घ्या. वाढीव वॉरंटी मी कदाचित स्वतःहून घेतली असती, कुणी नीट विचारलं असतं तर. विमा बाहेरून आणता येतो हे तुमच्या माणसाने तोंडाने सांगावं. चेसिस नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते पैसे भरण्याआधी दाखवा, नंतर नाही. आणि बुकिंगच्या दिवशी जो कागद द्याल त्यावर मॅनेजरची सही आणि शिक्का असू द्या, म्हणजे डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी नवी ओळ घुसणार नाही. पेठ रोडवरच्या परिवहन अधिकाऱ्यांनीही हे पत्र वाचावं आणि शोरूममधल्या नोंदणीच्या कागदांबरोबर ग्राहकाला दिलेलं हे दरपत्रकही मागावं, अशी त्यांना नम्र विनंती आहे.

गाडी चांगली आहे. दिवाळीत आईला घेऊन वणीच्या गडावर गेलो. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावून घेतला आणि सगळ्या वाटेभर एकदाही डोळे मिटले नाहीत.

माझ्याच लाइनवरचा एक सोबती येत्या पाडव्याला गाडी घेतो आहे. त्याचं कर्ज माझ्यापेक्षा जास्त आहे आणि आकडेमोड त्याला फारशी जमत नाही, म्हणून त्याने मला बरोबर चल म्हटलं आहे. आम्ही दोघं दुसऱ्या शिफ्टच्या आधी, सकाळी अकराच्या सुमाराला येऊ. तुमच्यापैकी कुणाकडे येणार ते अजून ठरलेलं नाही. ज्याच्या पहिल्या कागदावर शेवटचा आकडा असेल, त्याच्याकडे बुकिंग करू.

आपला,
एक ग्राहक आणि प्रेस शॉप ऑपरेटर
सिडको, नाशिक